चव्वेचाळीस हजारांत नऊ

वडपाडा, तलासरी
३ सप्टेंबर २०२३

प्रिय भाविनी,

यंत्राचं ऑगस्टचं मेमरी कार्ड सोबत पाठवते आहे. तू सांगितलंस तसं डबीत कापूस घालून ठेवलंय. डबी सुनिलच्या गॅरेजातल्या बल्बची आहे, हसू नकोस. तुझं यंत्र चालू आहे, हिरवा दिवा लुकलुकतो. पावसाने कुंपणाचा एक बांबू कलला होता. सुनिलने तो सरळ करून काथ्याने बांधला, खिळा मारू दिला नाही मी. आत शिरण्याआधी त्याचे पान्हे, किल्ल्या, पट्टा, सगळं बाहेर काढून ठेवायला लावलं. म्हणाला, "देवळात नुसत्या चपला काढायला लावतात. इथं चड्डी तेवढी राहिली."

सासूबाईंनी यंत्राचं नाव जावई ठेवलंय. "सावलीत बसतो, काम करत नाही, आणि कोणी हात लावायचा नाही. मग जावईच की." शेजारची बाई दळणाचा डबा घेऊन कुंपणाजवळून जायला लागली की ह्याच ओरडतात, "लांबून जा गं, जावयाला लोखंड चालत नाही!"

तुला वाटेल, फोन करायचा सोडून ही पानंच्या पानं का लिहिते. टेकाडावर चढल्याशिवाय फोन लागत नाही आणि तिथं आधीच चार जण ओरडत उभे असतात. पुढची बातमी ओरडून सांगायची नाही. मला सहावा महिना लागलाय. चार वर्षांनी. आधी दोनदा राहिलं नाही, तुला माहीत आहे, म्हणून पाच महिने कोणालाच बोलले नव्हते.

आता कामाचं. गेल्या आठवड्यापासून जमीन पुन्हा गुरगुरायला लागली आहे. भांडी वाजतात, कौलं सरकतात. मागच्या वेळची भिंतीची चीर अजून तशीच आहे. बाळंतपण इथं करू, की सरावलीला भावाकडे जाऊ? आई नाही, वहिनीवर भार टाकायला मन होत नाही. पण तुझं दुसरं यंत्र त्यांच्याच चिकूच्या वाडीत आहे, दोन्हीकडची जमीन तुला दिसते. आमच्याखाली काय आहे? मला हे मूल हवं आहे. तेवढं लक्षात ठेवून सांग.

तुझी,
शितल


नागपूर
१४ सप्टेंबर २०२३

शितू,

तुझी चिठ्ठी वाचून मी प्रयोगशाळेत ओरडले. आमचा नविन धावत आला. "मॅडम, डेटा चांगला आलाय का?" म्हटलं, फार चांगला. बारावीच्या वर्गात माझ्या बाकावर बसून भूगोलाचा पेपर बघून लिहिणारी मुलगी आई होते आहे. आता वाकायचं नाही, हंडे उचलायचे नाहीत, कार्ड काढायला सुनिलला पाठवलंस तरी चालेल.

खाली काय आहे म्हणतेस. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडची जमीन ताणली जाऊन फाटत होती. भेगांमधून लाव्हा वर आला. वर आला त्याचे डोंगर झाले. वाटेतच थिजला त्याच्या जमिनीखाली उभ्या भिंती झाल्या, उत्तर-दक्षिण, मैलोन् मैल. आपल्या किनाऱ्यावर गुरुत्व मोजलं तर ते थोडं जास्त भरतं, म्हणजे खोलवर कुठे तरी जड खडक आहे. तुझ्या अंगणातला जावई चुंबकत्व मोजतो, त्यावरून त्या भिंती कुठून कुठे जातात ते कळतं. सुईण वरून चाचपते, तसं आम्ही वरून चाचपतो. डोळ्यांनी कोणी काही बघितलेलं नाही.

त्यात एक अडचण कायमची आहे. जवळची लहान वस्तू आणि खोलवरची प्रचंड वस्तू, दोन्हींचा आकडा वर सारखाच येऊ शकतो. आकडा स्वतःहून सांगत नाही. आपण अंदाज बांधतो आणि तो दुसऱ्या मोजणीशी ताडून बघतो. आणि यातलं काहीही धक्का कधी बसेल हे सांगत नाही. म्हणून यंत्राचं नाव घेऊन तुला धीर देणार नाही.

मैत्रीण म्हणून सांगते, दिवाळी झाली की सरावलीला जा. वहिनीला मी बोलू का? तोवर बाहेर झोपा. दिवसा लहान धक्का बसला तर पळू नकोस. पडून लागण्याचीच भीती जास्त असते.

माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर हंसाबाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन वरोरहून थेट तुझ्या दारात येतील.

भाविनी


वडपाडा
८ ऑक्टोबर २०२३

प्रिय भाविनी,

तू सांगितलंसच शेवटी. तुझी आई काल येऊन गेली. सुके बोंबील, सुकट, आणि वर दोन तास उपदेश. सासूबाई आणि ती ओटीवर बसून अशा बोलत होत्या जणू पोट त्या दोघींचंच आहे. तुझी आई म्हणे, "पोर होईल ते नाकाने माझ्या भाविनीसारखं नको." जाताना तिला जावई दाखवला. लांबून हात जोडले तिने.

आम्ही सगळे ताडपत्रीखाली झोपतो. आभाळ उघडं असलं की बरं वाटतं. सासूबाईंनी आत्तापासूनच माझ्या उशाशी कोयता ठेवलाय. बाळंतिणीपाशी लोखंड असावं म्हणतात, ह्यांनी तीन महिने आधीच पहारा बसवला. चांगला जड कोयता आहे, अच्छाडच्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून केलेला. घाबरू नकोस, कुंपणापासून झोपायची जागा लांब आहे, मी पावलांनी मोजून पाहिलं.

सरावलीला जायचं ठरलं आहे. पण दिवाळीनंतर लगेच नाही. भात झोडायचं आहे, माणसं मिळत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "खळं उरकलं की मी स्वतः पोचवते, तुझ्या वहिनीला तांदूळ घेऊनच जाऊ." मी नुसती बसून असते, पेंढ्या मोजते, चुकते, सुनिल पुन्हा मोजतो.

बाळ फार लाथा मारतं. काल गुरगुर झाली आणि लगेच आतून लाथ बसली. सुनिल म्हणाला, "हे पण मोजायला लाव भाविनीला."

तुझी,
शितल


नागपूर
९ डिसेंबर २०२३

शितू,

नोव्हेंबरचं कार्ड आलं नाही आणि चिठ्ठीही नाही. १९ तारखेच्या दुपारचा धक्का आमच्याकडे नोंदला गेला आहे, बराच मोठा होता. सुनिलला फोन लावला तर मागे ट्रकचे हॉर्न आणि त्याचं "हां मॅडम, सगळं ठीक" एवढंच. आईला विचारलं. म्हणाली, तू डहाणूला दवाखान्यात दिसलीस, तपासायला आली होतीस, थकलेली होतीस. मग लगेच मला म्हणाली की कोळंबीचा भाव फार पडलाय, आणि फोन बाबांकडे दिला.

तू सरावलीला गेली असशील आणि यंत्राकडे बघायला कोणी नसेल, असा माझा अंदाज आहे. त्याबद्दल मी रागावणार नाही. पण दोन ओळी लिही.

भाविनी


वडपाडा
१२ डिसेंबर २०२३

आदरणीय मॅडम,

नोव्हेंबरचं कार्ड पाठवत आहे. उशिराबद्दल माफी. शितलची तब्येत बरी आहे, अशक्तपणा आहे, तिला सध्या लिहायला जमणार नाही. ती घरीच आहे. घराचं थोडं नुकसान झालं, कौलं गेली. यंत्राला काही झालेलं नाही. कुंपण मी नवीन बांबू घालून पक्कं केलं आहे. कुत्री, गुरं कोणी आत जाऊ शकत नाही.

आपला,
सुनिल


नागपूर
२८ डिसेंबर २०२३

शितू,

ताकद आली की वाच, घाई नाही. पण मला कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि पहिलं तुलाच सांगायचं आहे.

तुझ्या अंगणात पृथ्वीचं चुंबकत्व साधारण चव्वेचाळीस हजार भरतं. नॅनोटेस्ला हे आमचं माप. ते रोज उन्हाबरोबर थोडं वरखाली होतं, म्हणून आम्ही तुझ्या आकड्यातून सरावलीचा आकडा वजा करतो. उरलेला फरक मे महिन्यापासून सरळ रेषेत होता. १९ नोव्हेंबरला दुपारी धक्का बसला. २० तारखेला सकाळी अर्धा तास फरकाचा आकडा वेडावाकडा नाचला, आणि मग जो नऊने वर चढला तो तिथेच थांबला. तीन आठवडे हललेला नाही. चव्वेचाळीस हजारांत नऊ. तुला हसू येईल, पण आमच्या धंद्यात लोक अशा नऊसाठी जन्म घालवतात.

याचा अर्थ त्या धक्क्याने खाली काही तरी बदललं. त्या जुन्या भिंतींच्या फटींमधून पाणी सरकलं असेल, खडकावरचा ताण बदलला असेल. पाणी सरकायला वेळ लागतो, म्हणून आकडा काही तासांनी चढला. आमच्या प्रमुख सरांनीही आलेख दोनदा बघितला. ते सहसा एकदाही बघत नाहीत.

नविन मात्र शंकेखोर. म्हणाला, "मॅडम, कोणी कुदळ-फावडं घेऊन आत आलं असेल." मी त्याला झापलं. म्हटलं, तिथं शितल आहे. स्वतःच्या नवऱ्याचा पट्टा काढून घेणारी बाई आहे ती. तू नसतीस तर मीही या नऊवर विश्वास ठेवला नसता.

जानेवारीत नविन गुरुत्वमापक घेऊन येईल. तोवर तू बाळाच्या ताब्यात असशील, मी त्याला पेढे मागायला सांगते.

भाविनी


वडपाडा
१७ जानेवारी २०२४

प्रिय भाविनी,

डिसेंबरचं कार्ड सोबत आहे.

तुमचा नविन येऊन गेला. चांगला मुलगा आहे. त्याने बाहेरून मोजलं, ओढ्याजवळ, शाळेजवळ, आमच्या खळ्यात. कुंपणात जायला लागला तेव्हा सासूबाई आडव्या झाल्या. "माझ्या अंगावरून जा," म्हणाल्या. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. त्याला सांग, राग धरू नकोस. नंतर त्यांनीच त्याला जेवायला वाढलं.

एक विचारते. तुझा तो नऊचा आकडा कागदात छापून येणार का? आणि आला तर लोक बघायला येणार का, इथे, कुंपणात?

मी हिंडते-फिरते आहे. अंगणवाडीत पुन्हा कामाला जाते.

शितल


नागपूर
६ फेब्रुवारी २०२४

प्रिय शितल,

तुझी चिठ्ठी चार वेळा वाचली. चार ओळींत चार दारं बंद. दिवस भरून गेले असतील, तू अंगणवाडीत जातेस म्हणतेस, आणि बाळाबद्दल एक अक्षर नाही. मुलगा की मुलगी? नाव काय? मी काय केलंय ते तरी सांग. यंत्र तुझ्या गळ्यात मारलं आणि स्वतःचं नाव करते आहे, असं वाटत असेल तर तेही लिही. मला लागेल, पण कळेल तरी.

विचारलंस म्हणून सांगते. निबंध पाठवला आहे, मार्चमध्ये परिषदेत वाचायचा आहे. खरं सांगायचं तर एक गोष्ट खटकते. नविनने मोजलेल्या गुरुत्वात काहीच फरक नाही. खाली एवढं काही सरकलं असतं तर थोडा तरी फरक दिसायला हवा होता. सर म्हणतात, बदल आपल्या गुरुत्वमापकाला पकडता येणार नाही इतका बारीक असेल. मीही तसंच लिहिलं आहे.

पण त्यामुळेच सरांनी पुढचं ठरवलं. वर ठेवलेल्या यंत्राने भागणार नाही, जमिनीत उतरायला हवं. कुंपणाच्या आतच शंभर मीटर खोल बोअर मारून त्यात यंत्रं सोडायची. ग्रामपंचायतीला पत्र गेलं आहे, बोअरची गाडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. सासूबाईंना आधीच सांगून ठेव. गाडीसमोर आडव्या पडल्या तर ड्रायव्हर नविनसारखा ऐकणार नाही.

भाविनी


वडपाडा
१५ फेब्रुवारी २०२४

भाविनी,

गाडी पाठवू नकोस. आधी हे शेवटपर्यंत वाच, मग सरांकडे जा.

१९ नोव्हेंबरला दुपारी घरचे सगळे खळ्यात होते. मी पडवीत सावलीला बसले होते. आधी आवाज आला, मग कौलं खाली यायला लागली. तू पळू नकोस म्हणाली होतीस, मला आठवत होतं. पण डोक्यावर कौलं येत असताना कोण बसून राहील? पळाले आणि उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर पोटावर पडले. रिक्षा मिळून डहाणूला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दवाखान्यातल्यांनी जे करायचं ते सगळं केलं. मुलगी होती. आवाज केला नाही तिने. तुझी आई तिथेच भेटली, तिच्या बहिणीला भरती केलं होतं. रात्रभर माझ्याजवळ बसली. मीच तिला शपथ घातली की भाविनीला सांगायचं नाही. तिच्यावर चिडू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनिलने तिला घरी आणलं. मी दवाखान्यातच होते. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात. पण कुठे? बाहेर सगळीकडे कुत्री, आणि लोक उघड्यावर झोपलेले. ज्याच्यात कुत्रं शिरत नाही, गुरं तुडवत नाहीत, माणूससुद्धा विचारून जातं, अशी एकच जागा पाड्यावर होती. तू आणि मी मिळून केलेली. सुनिलला यंत्राचं कळत होतं. तो म्हणाला, आई, इथं कुदळ चालणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "जावई आहे ना तो? मग घरातल्या लेकराला जागा देईल." त्यांनीच तिला माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि माझ्या उशाचा कोयता तिच्या बाजूला ठेवला. एकटी जाते आहे, लोखंड सोबत असू दे म्हणून.

मी घरी आले, उशाशी हात घातला, कोयता नव्हता. विचारलं. त्यांनी सांगितलं. भाविनी, तुला खरं लिहिते, माझ्या मनात पहिलं आलं ते यंत्र. लोखंड आत गेलं, असं. मुलगी नंतर आली मनात. मला स्वतःची इतकी घाण वाटली की मी त्यानंतर कुंपणाकडे गेलेच नाही, कार्ड सुनिलनेच काढलं. मग तुझी ती मोठी चिठ्ठी आली. नऊ वाचलं आणि तेव्हाच कळलं मला काय आहे ते. तू इतकी खूश होतीस. मी लिहायला बसायचे आणि उठायचे. लिहिलं असतं तर ते घडलं असं झालं असतं.

नाव ठेवलं नव्हतं. तू विचारलंस म्हणून.

तुझं काम मी बिघडवलं. पण ती बोअरची गाडी तिच्यावर चालणार असेल तर मीही सासूबाईंच्या शेजारी आडवी होईन.

शितल


नागपूर
२६ फेब्रुवारी २०२४

शितू,

गाडी येणार नाही. हे आधी.

तुझी चिठ्ठी आली त्या दिवशी मी घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले नाही. तिसऱ्या दिवशी सरांना सांगितलं की तो नऊ खोलवरचा नाही, यंत्राजवळ लोखंड आहे. ते म्हणाले, "मग काढून टाका आणि मोजणी पुढे चालू ठेवा." म्हटलं, काढता येणार नाही. "का?" तेव्हा सांगितलं. त्यांनी बोअरच्या नकाशावरची पेन्सिलीची खूण खोडली. मग म्हणाले, "बोअर शाळेच्या मैदानात घेऊ." निबंध मी परत घेतला आहे. नविनला सगळं सांगितलं नाही, त्याचं बरोबर होतं एवढं सांगितलं. तो खूश झाला नाही. "म्हातारीने मला भाकर वाढली होती," एवढंच म्हणाला.

काम तू बिघडवलेलं नाहीस. गुरुत्व मला सांगत होतं की खाली काही नाही, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, कुदळ कोणी नेली होती का. तुझ्याबद्दल मला ती शंका घेता आली नाही. आणि माझ्या आलेखात तो अर्धा तास आहे, २० तारखेच्या सकाळचा, आकडे नाचतात तो. मी तो ऑनलाइन बैठकीत चार शहरांतल्या लोकांना पडद्यावर दाखवला. "इथे बघा," म्हणत बोट ठेवून दाखवला. मी लिहिलं होतं की त्या धक्क्यामुळेच आकडा बदलला. तेवढं तरी खरं निघालं.

मी लगेच निघणार होते. आईने अडवलं. म्हणाली, तिने बोलावल्याशिवाय जाऊ नकोस, तुझं तोंड बघून तिला तुलाच सावरत बसावं लागेल. आईचं ऐकते आहे.

आता यंत्राचं. ते दुसरीकडे हलवावं असं तुला वाटत असेल तर नविन येऊन घेऊन जाईल. तुला रोज ते बघावं लागतं, मला कळतं.

तुझी,
भाविनी


वडपाडा
१० मार्च २०२४

प्रिय भाविनी,

यंत्र नेऊ नकोस. ते गेलं की कुंपण जाईल. कुंपण गेलं की पहिल्याच पावसाळ्यात कोणी तरी शेळ्या बांधेल, कोणाचं काही चुकणार नाही, लोकांना जागा लागते. आता सगळे म्हणतात सरकारी यंत्र आहे, लांबून जा. ते तसंच राहू दे. आकडा तुझ्या उपयोगाचा नाही हे मला कळतं. तरी ठेवता येईल का?

सासूबाई नोव्हेंबरपासून माझ्याशी नीट बोलल्या नव्हत्या. मला वाटायचं माझ्यावर राग आहे, मी पळाले म्हणून. काल तुझी चिठ्ठी त्यांना वाचून दाखवली. गाडी येणार नाही हे ऐकलं आणि म्हणाल्या, "दिवाळीनंतर लगेच पोचवली असती तर. भात काय, पडून राहिलं असतं." तेवढंच. मग उठून गुरांना पाणी दाखवायला गेल्या. मी म्हटलं, आई, मीही तेव्हा जायचा हट्ट धरला नाही. त्यांनी ऐकलं की नाही माहीत नाही.

आणखी एक. कार्ड मी दर महिन्याला पाठवेन. आता मीच काढते. तू चिठ्ठीच्या खाली तो आकडा लिहीत जा. दुसरं काही नाही तिचं माझ्याकडे.

तू ये. पेरण्या झाल्या की ये.

शितल


नागपूर
२१ मार्च २०२४

शितू,

यंत्र राहील. आकडाही उपयोगाचा नाही असं नाही. आकडा एका जागी ठरून राहिला की तो सरळ वजा करता येतो आणि बाकीची मोजणी चांगली असते. सरांना हेच सांगितलं आणि ते खरं आहे. दर महिन्याला मी वजाबाकी करते. ती माझ्याशिवाय कोणाला करू देत नाही.

जुलैमध्ये येते.

भाविनी

फेब्रुवारी: नऊ


वडपाडा
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय भाविनी,

सप्टेंबरचं कार्ड सोबत आहे. दिवा चालू आहे. पाऊस यंदा संपतच नाही, भात आडवं झालंय.

चिठ्ठीखाली जुलैचा आकडा नव्हता. वाटलं विसरलीस. पुढच्या चिठ्ठीत ऑगस्टचाही नाही. दीड वर्षात तू एकदाही विसरली नव्हतीस. जावयाला काही झालं का? की तू लपवते आहेस? मी लपवलं होतं तेव्हा तुला कसं वाटलं ते आठव.

शितल


नागपूर
२ नोव्हेंबर २०२५

शितू,

विसरले नाही. यंत्रही बरं आहे.

आकडा उतरतो आहे. पहिलं वर्ष नऊच होता. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर किंचित हलला, मी मोजणीतली चूक समजले. यंदा स्पष्ट दिसतंय. कोयता गंजतो आहे. आपल्याकडची ओली माती, वर असा पाऊस. गंजलेल्या लोखंडाचं चुंबकत्व जातं. असाच उतरला तर काही वर्षांनी त्या जागेचा आकडा मे २०२३ मध्ये होता तसा होईल. यंत्राला तिथे काहीच दिसणार नाही.

जुलैचा आकडा लिहायला बसले आणि हात चालला नाही. खोटं नऊ लिहायचं नव्हतं, म्हणून रिकामं सोडलं. तू म्हणशील तर यापुढे आकडा लिहीत नाही. किंवा नऊवर थांबलो असं दोघी समजू या. तू सांगशील तसं.

भाविनी


वडपाडा
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय भाविनी,

तुझी चिठ्ठी कुंपणाजवळ बसून वाचली. मग सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, लोखंड मातीत मिळालं की राखण संपली, लेकरू मोकळं झालं, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं. सुनिल म्हणाला, दुसरा कोयता पुरू या, लोहाराकडे पाट्याचं पोलाद आहे, नऊ काय अठरा येतील. असं म्हणाला आणि स्वतःच उठून बाहेर गेला.

मला दोन्ही नको. दुसरा कोयता तिचा नाही. आणि मोकळी झाली म्हणून मला बरं वाटेल असं मी सासूबाईंना वरवर म्हटलं, पण वाटत नाही. मला नऊच हवे होते. मी म्हातारी होईपर्यंत दर महिन्याला तू नऊ लिहून पाठवशील असं मी धरून चालले होते.

पण खोटं नको. तू रिकामं सोडलंस ते दोन महिने मी काय काय धरून बसले होते ते तुला सांगत नाही. ती तिथे कमी होत असेल तर मला ते माहीत असायला हवं. तिच्याबद्दल दर महिन्याला नवीन असं कळण्यासारखं तेवढंच आहे.

ऑक्टोबरचं कार्ड सोबत आहे. असेल तो आकडा लिही.

तुझी,
शितल